जोडे शिवण्याच्या खोलीतून पंतप्रधानपदाकडे : लानस्टिमदुई येथील लॉइड जॉर्ज संग्रहालय

वेल्सच्या वायव्य भागात, क्रिकिएथ या समुद्रकाठच्या गावापासून पश्चिमेला दोन-अडीच किलोमीटरवर लानस्टिमदुई नावाचे खेडे आहे. हे नाव देवनागरीत नीट उतरत नाही, कारण त्याच्या आरंभीचा 'ल' वेल्श माणूस जिभेच्या कडेने हवा सोडत उच्चारतो आणि तो ध्वनी आपल्याकडे नाही. दगडी पूल, त्याखालून खळाळणारी दुइवोर नदी आणि दुतर्फा जुनी घरे, एवढाच गावाचा विस्तार. 1916 ते 1922 या काळात ब्रिटनचे पंतप्रधान असलेले डेव्हिड लॉइड जॉर्ज या गावात वाढले, याच गावात वारले आणि याच नदीच्या काठावर त्यांना पुरले आहे. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेले संग्रहालय, त्याला लागून असलेले 'हायगेट' हे त्यांचे बालपणीचे घर आणि थोड्याच अंतरावरची त्यांची कबर ही तिन्ही ठिकाणे मी एका दिवसात पाहिली. ज्यांना ब्रिटिश राजकारणात थोडाही रस आहे, त्यांनी हा दिवस जरूर काढावा. मात्र कोणत्या क्रमाने पाहावे याविषयी माझे काही आग्रह आहेत आणि ते सांगण्यासाठीच हे परीक्षण लिहीत आहे.

मी मँचेस्टरहून मोटारीने गेलो आणि वाटेत फारसे न थांबता साधारण तीन तासांत पोहोचलो. लॉइड जॉर्ज यांचा जन्मही मँचेस्टरचाच. 17 जानेवारी 1863 रोजी तिथल्या चोर्ल्टन-ऑन-मेडलॉक या वस्तीत ते जन्मले, त्यामुळे 'वेल्सचा सुपुत्र' म्हणून ज्यांचा गौरव होतो ते गृहस्थ जन्माने इंग्लंडचे ठरतात, याची गंमत मला मँचेस्टरकर म्हणून जरा जास्तच वाटते. मोटार नसेल त्यांनी रेल्वेने क्रिकिएथला उतरावे. तिथून पुल्हेलीकडे जाणारी बस गावात येते आणि हवा चांगली असेल तर पायीही जाता येते. संग्रहालय वर्षभर सारख्या वेळेत उघडे नसते, हिवाळ्यात विशेषतः, म्हणून निघण्यापूर्वी वेळा पाहून घ्याव्यात.

माझा पहिला आग्रह असा की आधी संग्रहालयाच्या दालनात शिरू नये. प्रथम हायगेटमध्ये जावे, आणि तिथेही आधी बाजूच्या त्या बुटक्या खोलीत, जिथे रिचर्ड लॉइड जोडे शिवत असत.

डेव्हिडचे वडील विल्यम जॉर्ज शाळामास्तर होते. मुलगा दीड वर्षाचाही झाला नसताना, 1864 मध्ये, ते वारले. मागे विधवा पत्नी, दोन लहान मुले आणि तिसरे पोटात. तिचा अविवाहित भाऊ रिचर्ड लानस्टिमदुईत जोड्यांचा धंदा करीत असे. तो तिकडे जाऊन बहिणीला आणि भाचरांना घरी घेऊन आला आणि पुढचे आयुष्य त्याने त्यांच्यासाठी वेचले. हायगेटमधील खोल्या 1864 ते 1880 या काळात हे कुटुंब जसे राहत असे तशा मांडल्या आहेत. घर लहान आहे, पण दैन्यवाणे नाही. 'झोपडीत वाढलेला मुलगा' ही प्रतिमा लॉइड जॉर्ज यांनी पुढे व्यासपीठावर भरपूर वापरली, पण घर पाहिल्यावर ती थोडी सैल करावी लागते. रिचर्ड लॉइड यांच्या हाताखाली कारागीर होते, घरात पुस्तके होती आणि उपासमार नव्हती.

त्या खोलीत उभे राहिल्यावर मात्र माझ्या मनात निराळेच विचार आले. आरी, रापी, लाकडी साचे, चामड्याचे तुकडे ही सारी अवजारे ओळखीची, पण त्या अवजारांभोवती आपल्याकडे जे सामाजिक कुंपण आहे ते तिथे नव्हते. जोडे शिवणारे रिचर्ड लॉइडच रविवारी क्रिकिएथच्या छोट्या बाप्टिस्ट प्रार्थनागृहात प्रवचन करीत आणि त्याबद्दल एक पैही घेत नसत. आठवडाभर त्यांच्या या खोलीत गावकरी जमत, धर्मशास्त्रावर वाद घालत, निवडणुकांवर बोलत. 1868 च्या निवडणुकीत जमीनदाराच्या मर्जीविरुद्ध मत दिले म्हणून वेल्समधील कित्येक कुळांना जमिनीवरून हाकलण्यात आले होते, कारण गुप्त मतदान 1872 मध्ये आले आणि तोवर मत उघडपणे द्यावे लागे. ही हकिकत त्या मुलाने या खोलीत किती वेळा ऐकली असेल याचा अंदाज सहज करता येतो. त्याचे पुढचे सारे राजकारण, विशेषतः जमीनदारांविषयीचा त्याचा कडवा राग, इथूनच आला.

डेव्हिडने वकील व्हावे असे ठरल्यावर प्रवेश परीक्षेसाठी फ्रेंच भाषा लागणार होती. ती शिकवायला गावात कोणी नव्हते. तेव्हा मामांनी शब्दकोश आणि व्याकरण आणून, दिवसभराचे काम आटोपल्यावर, आधी स्वतः ती भाषा शिकून भाच्याला शिकवली. ज्या मामांनी हे केले त्यांचे आडनाव भाच्याने आपल्या नावात घेतले. 'लॉइड जॉर्ज' या नावातील 'जॉर्ज' वडिलांचे आहे आणि 'लॉइड' या जोडे शिवणाऱ्या मामांचे, ही गोष्ट मला आधी वाचून ठाऊक होती, पण ती खरी उमगली ती त्या खोलीच्या उंबऱ्यावर. भाचा पंतप्रधान झालेला पाहून तीन महिन्यांच्या आतच, फेब्रुवारी 1917 मध्ये, मामा वारले.

संग्रहालयाच्या आवारात त्या काळच्या शाळेचा एक वर्गही उभा केला आहे. शाळकरी मुलांच्या सहलींना तो आवडत असणार. मोठ्यांनी तिथे एक प्रसंग आठवावा. गावातली शाळा इंग्लंडच्या अधिकृत चर्चची होती आणि बहुतेक मुले त्या चर्चबाहेरच्या पंथांची. गावचे जमीनदार एलिस-नॅनी पाहुण्यांसह तपासणीला आले असता मुलांनी त्या चर्चची श्रद्धाप्रतिज्ञा तोंडपाठ म्हणून दाखवावी असे फर्मान निघाले आणि डेव्हिडच्या चिथावणीने सगळा वर्ग गप्प बसला. मास्तरांची केविलवाणी अवस्था पाहून डेव्हिडचा धाकटा भाऊ विल्यम यानेच आधी तोंड उघडले, असे सांगितले जाते. पुढे 1890 मध्ये कार्नार्व्हन मतदारसंघात पोटनिवडणूक झाली तेव्हा सत्तावीस वर्षांच्या डेव्हिडसमोर हुजूर पक्षाचे उमेदवार म्हणून हेच एलिस-नॅनी उभे होते. डेव्हिडला 1963 मते पडली, जमीनदारांना 1945. अठरा मतांचा हा विजय त्यांना पार्लमेंटात घेऊन गेला आणि ते सलग पंचावन्न वर्षे त्याच मतदारसंघाचे प्रतिनिधी राहिले.

या धाकट्या विल्यमविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर अन्याय होईल. त्या काळी पार्लमेंटच्या सभासदांना पगार नव्हता. थोरला भाऊ लंडनमध्ये भाषणे गाजवत असताना धाकट्याने क्रिकिएथमध्ये दोघांच्या नावाची वकिली एकट्याने चालवली आणि वर्षानुवर्षे त्याचा खर्च भागवला. 1911 मध्ये सभासदांना वर्षाला 400 पौंड वेतन सुरू करणारे अर्थमंत्री लॉइड जॉर्जच होते. धाकटे बंधू शंभरी ओलांडून 1967 मध्ये वारले. त्यांनी तक्रार फारशी केली नाही, पण त्यांच्या खातेवह्यांवर हे सारे राजकारण उभे होते हे विसरता येत नाही.

हे सगळे मनात घेऊन मग संग्रहालयाच्या दालनात जावे. तिथे छायाचित्रे, व्यंगचित्रे, कागदपत्रे आणि निरनिराळ्या शहरांनी दिलेली मानपत्रे व ती ठेवण्यासाठी घडवलेल्या नक्षीदार पेट्या आहेत. मानपत्रांच्या पेट्यांसमोर मी फार वेळ थांबलो नाही. सोन्याचांदीचे नक्षीकाम पाहून एखाद्या माणसाविषयी काही कळते असे मला वाटत नाही, हा कदाचित माझाच दोष. व्यंगचित्रांपाशी मात्र अर्धा तास गेला. मिश्या, लांब वाढवलेले केस आणि डोळ्यांतली मिश्कील चमक यांमुळे हा चेहरा व्यंगचित्रकारांना आयताच सापडला होता.

मंत्री म्हणून त्यांच्या नावावर जे जमा आहे ते अजूनही थक्क करणारे आहे. 1908 मध्ये अर्थमंत्री झाल्यावर, आधीच्या अर्थमंत्र्यांनी म्हणजे अ‍ॅस्क्विथ यांनी आखलेला वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा त्यांनी पार्लमेंटातून पार करून घेतला आणि 1 जानेवारी 1909 पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत रक्कम मिळू लागली. 1909 चा त्यांचा अर्थसंकल्प जमिनीवर आणि मोठ्या उत्पन्नांवर कर बसवणारा होता; उमरावांच्या सभागृहाने तो 350 विरुद्ध 75 मतांनी फेटाळला आणि त्यातून 1910 मध्ये दोन सार्वत्रिक निवडणुका व 1911 मध्ये उमरावांच्या अधिकारांना कात्री लावणारा कायदा झाला. त्याच वर्षी राष्ट्रीय विम्याचा कायदा आला. कामगाराने आठवड्याला चार पेन्स भरायचे, मालकाने तीन आणि सरकारने दोन. म्हणून 'चार पेन्समध्ये नऊ पेन्स' ही त्यांची घोषणा. आजारपणाचा भत्ता घेणाऱ्याला लोक कित्येक वर्षे 'तो लॉइड जॉर्जवर आहे' असे म्हणत. माणसाचे नाव सर्वसामान्यांच्या बोलण्यात असे मुरणे मला कोणत्याही मानपत्रापेक्षा मोठे वाटते.

युद्धकाळाबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तो सर्वत्र वाचायला मिळतो. बोअर युद्धाला कडाडून विरोध करणारा आणि 1901 मध्ये बर्मिंगहॅमच्या खवळलेल्या जमावातून पोलिसाच्या गणवेशात निसटणारा हा माणूस 1915 मध्ये दारूगोळा खात्याचा मंत्री झाला, डिसेंबर 1916 मध्ये पंतप्रधान झाला आणि युद्ध जिंकल्यावर पॅरिसच्या तह परिषदेत फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो आणि अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्या शेजारी बसला.

इथे मराठी वाचकासाठी एक खुलासा आवश्यक आहे. भोरजवळच्या भाटघर धरणाला पूर्वी 'लॉइड धरण' म्हणत, ते या लॉइड जॉर्ज यांच्या नावाने नव्हे. ते नाव 1918 ते 1923 या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या जॉर्ज लॉइड यांचे. नावांची उलटापालट आणि काळही तोच, त्यामुळे माझ्या लहानपणी आमच्या घरातही हा घोटाळा होत असे.

भारताशी लॉइड जॉर्ज यांचा खरा संबंध आहे तो मात्र गव्हर्नरांपेक्षा कितीतरी मोठा. भारतमंत्री माँटेग्यू यांची ऑगस्ट 1917 ची घोषणा, 1919 चा सुधारणा कायदा, रौलट कायदा आणि जालियनवाला बाग हे सारे लॉइड जॉर्ज पंतप्रधान असतानाच घडले. लोकमान्य टिळक 1918 च्या अखेरीपासून जवळपास वर्षभर इंग्लंडमध्ये होते; तह परिषदेसाठी पॅरिसला जाण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही आणि त्यांनी क्लेमांसो यांना पत्र पाठवून भारताची मागणी मांडली. व्हर्सायच्या तहावर भारताच्या वतीने सह्या झाल्या त्या माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांच्या. ऑटोमन साम्राज्याच्या विभागणीत लॉइड जॉर्ज यांनी ग्रीसची बाजू घेतली, त्याचा रोष खिलाफत चळवळीच्या रूपाने आपल्याकडे उसळला. आणि ऑगस्ट 1922 मध्ये पार्लमेंटात बोलताना त्यांनी भारतातील सनदी सेवेला पोलादी चौकट म्हटले. आपल्या वर्तमानपत्रांत प्रशासनाविषयी लिहिताना 'पोलादी चौकट' हा शब्दप्रयोग आजही हमखास येतो, पण तो एका वेल्श पंतप्रधानाने ब्रिटिश राजवट टिकवण्याच्या बाजूने वापरला होता हे बहुतेकांच्या ध्यानात नसते. ज्याने जमीनदारांची सत्ता हा गरिबांवरचा अन्याय मानला, ज्याची मातृभाषा इंग्रजी नव्हती आणि जो लहान राष्ट्रांच्या हक्कांवर डोळ्यांत पाणी आणून बोले, त्याला भारताच्या बाबतीत ही विसंगती जाणवली नाही. पुढे 1931 मध्ये गोलमेज परिषदेसाठी आलेले महात्मा गांधी सरे परगण्यातील त्यांच्या चर्ट येथील घरी जाऊन त्यांना भेटले. तोवर त्यांच्या हाती सत्ता उरली नव्हती.

हायगेट 1880 पाशी थांबते, तेव्हा हा हिशेब त्या घराकडून अपेक्षित नाही. तो ज्याने त्याने बरोबर घेऊन जावा. तसाच आयर्लंडचाही न्यावा, कारण 1921 च्या करारावर त्यांची सही आहे आणि त्याआधी आयरिश खेड्यांत धुमाकूळ घालणाऱ्या 'ब्लॅक अँड टॅन्स' पथकांची जबाबदारीही त्यांच्याच सरकारची आहे. सरदारक्या आणि किताब पक्षनिधीच्या बदल्यात विकण्याचा त्यांचा व्यवहार इतका उघड झाला की 1925 मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. ऑक्टोबर 1922 मध्ये कार्लटन क्लबातल्या बैठकीत हुजूर पक्षाने त्यांच्या संयुक्त सरकारचा पाठिंबा काढून घेतला आणि ते पायउतार झाले ते कायमचेच. 1936 मध्ये बेर्ख्तेसगाडेनला जाऊन हिटलरला भेटल्यावर त्यांनी त्याची जी स्तुती केली ती त्यांच्या चाहत्यांना आजही अवघड जाते.

मला विचाराल तर आणखी एका व्यक्तीला या कहाणीत अधिक जागा हवी, ती म्हणजे त्यांची पत्नी मार्गारेट. 1888 मध्ये त्यांचा विवाह झाला. लंडनपेक्षा तिला क्रिकिएथ प्रिय होते. पती दूर असताना मतदारसंघ तिने सांभाळला, निवडणुकीच्या सभा घेतल्या, आणि त्यांची चिटणीस फ्रान्सिस स्टीव्हन्सन ही अनेक वर्षे त्यांची दुसरी सहचारिणी होती हे ठाऊक असूनही ती ठामपणे उभी राहिली. त्यांची थोरली मुलगी मेअर 1907 मध्ये सतराव्या वर्षी वारली. धाकटी मेगन 1929 मध्ये निवडून येऊन वेल्सची पहिली महिला खासदार झाली. जानेवारी 1941 मध्ये मार्गारेट अत्यवस्थ असताना लॉइड जॉर्ज निघाले, पण रस्ते बर्फाने बंद झाले होते आणि ते वेळेवर पोहोचू शकले नाहीत.

दालनातून बाहेर पडल्यावर लगेच मोटारीत बसू नये, हा माझा दुसरा आग्रह. नदीच्या दिशेने काही पावले चालावे. झाडांच्या सावलीत, उतारावर, दगडी कुंपणाने वेढलेली त्यांची कबर आहे. जवळच पोर्टमेरियन हे नवलाईचे गाव वसवणारे वास्तुविशारद क्लाउ विल्यम्स-एलिस यांनी तिची रचना केली. मध्यभागी एक मोठा, ओबडधोबड धोंडा आहे. त्यावर नाव कोरलेले नाही. नाव आणि पुतण्याने रचलेले वेल्श कडवे कुंपणाच्या बाजूला पाटीच्या दगडावर आहेत. याच धोंड्यावर बसून ते नदी पाहत असत असे सांगतात. 26 मार्च 1945 रोजी गावातल्याच टी नेविद या घरात ते वारले. त्याच वर्षी त्यांना उमरावपद मिळाले होते, पण ज्या सभागृहाची त्यांनी आयुष्यभर टर उडवली त्यात बसण्यापूर्वीच मृत्यूने गाठले. टी नेविदमध्ये आता लेखकांसाठीचे केंद्र चालते, म्हणून ते घर बाहेरूनच पाहावे.

कबरीजवळ कठड्याला टेकून मी बराच वेळ उभा होतो. डेव्हिड लॉइड जॉर्ज या तरुण वकिलाचे नाव वेल्सभर झाले ते 1888 मध्ये, इथून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या लानव्रोथेन गावातील एका दफनाच्या दाव्यामुळे. रॉबर्ट रॉबर्ट्स नावाच्या वृद्ध खाणकामगाराची अखेरची इच्छा आपल्या मुलीशेजारी विसावण्याची होती. मृत माणूस चर्चबाहेरच्या पंथाचा म्हणून पाद्र्याने आडकाठी केली, दफनभूमीला कुलूप लावले. वकिलाने सल्ला दिला की कायदा तुमच्या बाजूने आहे, कुलूप तोडा. कुलूप तोडून त्या म्हाताऱ्याला मुलीजवळ पुरले गेले आणि लंडनच्या वरिष्ठ न्यायालयात तो दावा वकिलाने जिंकला. मार्गारेट आणि मेअर क्रिकिएथच्या दफनभूमीत एकमेकींजवळ आहेत, इथून दोन-अडीच किलोमीटरवर. त्या म्हाताऱ्याला हवे ते मिळवून देणारा वकील मात्र इथे नदीकाठी, त्याने स्वतः निवडलेल्या जागी, एकटा आहे.